आधी कागद, मग कार्बोरेटर

भाच्या, आजोबांची कॅलिबर गावाकडच्या गोठ्यातून काढून घरी आणलीस, फार चांगलं केलंस. आता तिला किक मारू नकोस. बघायला येणारा प्रत्येक जण ‘मार बरं एक किक’ म्हणेल. त्याला चहा पाज, पण किकवर पाय ठेवू देऊ नकोस. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा थेंब उरलेला नसतो आणि रिंगांच्या कडेला गंज धरलेला असतो. त्या कोरड्या भिंतीवरून पिस्टन जोरात ओढला की ओरखडा उमटतो. चमचाभर तेलानं सुटलं असतं ते काम मग बोअर-पिस्टनपर्यंत जातं.

ही गाडी आपल्या शहराची लेक आहे. १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला. १९९८ च्या जूनमध्ये कावासाकी बजाज कॅलिबर याच वाळूजमधून बाहेर पडली आणि वर्षभरात एक लाख गाड्या विकल्या गेल्या. त्या काळात या शहरात पाळीवर जाणारा माणूस हप्त्यानं गाडी घ्यायचा आणि तिच्यावर सगळं घर उभं करायचा. मुलांची शाळा, मोंढ्यातून आणलेलं धान्याचं पोतं, दवाखाना, गावाकडची लग्नं, सगळं त्याच सीटवरून. अशी गाडी भंगाराच्या काट्यावर किलोच्या भावानं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. तू ती वाचवायला निघाला आहेस आणि तुझ्या खिशात पैसे मोजके आहेत, म्हणून हे सगळं नीट लिहून देतोय.

जुनी गाडी कमी पैशात उभी राहते ती जुगाडामुळे नाही, क्रमामुळे. चार शब्द पाठ कर: कागद, थांबणं, पळणं, दिसणं. पैसा याच क्रमानं खर्च कर. बहुतेक पोरं उलट्या बाजूनं सुरुवात करतात. आधी टाकी रंगवून आणतात, मग इंजिन उघडतात, ब्रेकच्या वेळेला पैसे संपतात आणि कागदांचा विचार हवालदारानं अडवल्यावर करतात. तुझ्याकडची रक्कम आजच चार वेगळ्या पाकिटांत घाल आणि पाचवं पाकीट अडचणीसाठी ठेव. जुन्या गाडीत अडचण येतेच, तिचा वाटा आधीच काढून ठेवलेला बरा.

पहिल्याच संध्याकाळी एवढं कर

कागदांच्या कामाला दिवस जातील, तेवढ्या वेळात तेलाला त्याचं काम करू दे. गाडी मेन स्टँडवर लाव. प्लगच्या भोवतीची माती आधी ब्रशनं आणि हवेनं साफ कर, नाहीतर प्लग निघताच ती आत पडते. प्लग हळूहळू सोडव. अडला तर जोर करू नको, बुडाशी गंज सोडवायचं तेल टाकून रात्रभर ठेव. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की खर्च वाढला. प्लग निघाला की भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल आत सोड, भोकावर स्वच्छ फडकं ठेव आणि गाडी तशीच राहू दे.

दोन-तीन दिवसांनी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं थोडं पुढे, थोडं मागे फिरव. पिस्टन हलला तर जिंकलास. नाही हलला तर थोडं डिझेल आणि तेल मिसळून आत सोड आणि पुन्हा थांब. आठवडा लागला तरी चालेल, हातोडा मात्र लावायचा नाही.

त्याच संध्याकाळी बॅटरी दिवा घेऊन गाडीची भोकं तपास. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीचं मातीचं घर असतं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं गवत आणि चिंध्या भरलेल्या असतात, आणि जिथे उंदीर तिथे वायरी कुरतडलेल्या. हे सगळं फुकटात साफ होतं. आणि हे साफ न करता गाडी सुरू होत नाही म्हणून लोक कार्बोरेटर बदलतात.

कागद

हँडलखालच्या नळीवर चेसिस नंबर कोरलेला असतो. त्यावर डिझेलचं फडकं फिरव, तारेचा ब्रश लावू नको. पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासलीस की नंबर उमटतो. तो आणि इंजिनवरचा नंबर आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर जुळव. नंबर गंजानं खाल्ला असेल किंवा जुळत नसेल तर पुढे एक रुपयाही घालू नको, आधी आरटीओत विचार. चोरीच्या किंवा बिनकागदाच्या गाडीवर केलेली मेहनत कायद्यापुढे शून्य.

गाडी आजोबांच्या नावावर आहे आणि आजोबा नाहीत. अशा वेळी नाव बदलायला फॉर्म ३१ लागतो. सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. तुझ्या काकांना आणि आत्याला आत्ताच भेटून सांग, सही शेवटच्या दिवशी मागायला जाऊ नको. परक्याकडून गाडी घेतली असती तर फॉर्म २९ आणि ३०. आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार आणि फॉर्म २६.

आता नोंदणी. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षं चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून नूतनीकरण करावं लागतं. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या दुचाकीला नूतनीकरणाची फी २,००० रुपये आहे. आपल्या राज्यात १५ वर्षांवरच्या दुचाकीला पाच वर्षांचा २,००० रुपये पर्यावरण कर वेगळा. शिवाय नूतनीकरणाला उशीर झाला तर दुचाकीला महिन्याला ३०० रुपये जादा फी नियमात आहे. किती महिने उशीर झाला ते मोज आणि गुणाकार कर. बजेट मोडतं ते या एका ओळीनं. म्हणून एजंटाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नको. आरटीओच्या खिडकीवर किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा एमएच-२० चा नंबर टाकून एकूण देणं काढ. जुने चलान बाकी असतील तर तेही तिथेच दिसतात.

थर्ड पार्टी विम्याचा २०२२ पासूनचा दर ७५ ते १५० सीसीच्या गाडीला ७१४ रुपये आणि वर कर. चालक-मालकाचा अपघात विमा वेगळा. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर सापडली तर पहिल्याच वेळी २,००० रुपये दंड, म्हणजे विमा काढणंच स्वस्त. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावायची आहे. आपल्याकडे दुचाकीला तिचे ४५० रुपये आणि जीएसटी. मग पीयूसी.

ही बेरीज तुझ्या एकूण रकमेच्या निम्म्याच्या पुढे गेली तर घरच्यांसोबत बसून विचार कर. चेसिस वाकलेली, नंबर खाल्लेला, जादा फी डोंगराएवढी, अशी गाडी सोडून देण्यात कमीपणा नाही. सरकारमान्य वाहन भंगार केंद्रात ती दिली तर ठेव प्रमाणपत्र मिळतं, नव्या गाडीच्या वेळी त्याचा उपयोग होतो, आणि नोंदणी रद्द झाल्यानं आजोबांच्या नावावर पुढे कुठलं लचांड राहत नाही. पण बेरीज आटोक्यात असेल तर पैसे बाजूला काढून ठेव आणि बिनघोर पुढच्या कामाला लाग. कागदांचा हिशेब आधी करायचा, आरटीओत गाडी दाखवणं गाडी तयार झाल्यावर. तोवर तिला कुठे न्यायची तर छोट्या टेम्पोत घालून.

थांबणं

इंजिनाआधी ब्रेक का, असं तू विचारशील. इंजिन बंद पडलं तर माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो. ब्रेक लागला नाही तर जालना रोडवर सिग्नलला समोर बस असते.

आपल्या मराठवाड्यात पाऊस बेताचा. समुद्रकाठच्या गाडीसारखी आपली चेसिस सहसा कुजत नाही, हा आपला फायदा. पण उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि धूळ बारीक असते, त्यामुळे रबर मरतं आणि ग्रीस वाळतं. तुझ्या गाडीत लोखंडापेक्षा रबराकडे जास्त लक्ष दे.

टायरची नक्षी बघून फसू नको. उभ्या गाडीच्या टायरची नक्षी छान असते आणि रबर लाकडासारखं कडक झालेलं असतं. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१८ असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा. नख दाबल्यावर रुतत नसेल किंवा बाजूला बारीक भेगा दिसत असतील तर टायर, ट्यूब आणि रिमच्या आतली पट्टी, तिन्ही नवी घे. कागद सोडले तर या गाडीवरचा सर्वांत मोठा एकरकमी खर्च हाच असेल आणि तो टाळायचा नाही. दुसऱ्याचे उतरवलेले टायर घेऊ नको.

चाक निघालंच आहे तर ड्रम उघड. लायनरची धूळ तोंडानं किंवा हवेनं उडवू नको, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसून ते फडकं पिशवीत बांधून टाक. लायनर काचेसारखा चकचकीत झाला असेल तर बदल. ब्रेकचा कॅम काढून जुनं वाळलेलं ग्रीस खरवड आणि शेंगदाण्याएवढं नवं ग्रीस लाव, जास्त नाही. ते वितळून लायनरवर गेलं की ब्रेकच गेला. शूजच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या असतील तर नव्या घाल.

चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलव. खटखट वाजलं तर बेअरिंग. स्पोक एकेक करून पान्यानं वाजव. घट्ट स्पोकचा आवाज टणक येतो, ढिल्याचा भद्द. स्पोक स्वतः ओढू नको, चाकाची लहर काढणं हे सरावाचं काम आहे. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरव. मध्यावर अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेला आहे. सरळ रस्त्यावर गाडी भरकटते ती यामुळे.

क्लच, ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक या तिन्ही केबल बघण्यात वेळ घालवू नको, नव्या घाल. ॲक्सिलरेटर सोडल्यावर मूठ आपोआप झटकन मागे आली पाहिजे, हँडल कुठल्याही बाजूला वळवलेलं असो. हे तपासल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही.

पळणं

आता इंजिन. पिस्टन हलला असेल तर जुनं ऑइल सोड. ते थेट डब्यात ओतू नको, डब्यावर पांढरं जुनं धोतर ताण आणि त्यातून गाळ. मग ते फडकं उन्हात धरून बघ. तेल चहासारखं दुधाळ असेल तर आत पाणी गेलं आहे. फडक्यावर चमचमणारे कण असतील तर लोहचुंबक फिरव. जे चिकटले ते पोलादाचे, म्हणजे गिअर किंवा बेअरिंगकडचे. जे चिकटले नाहीत आणि पांढुरके आहेत ते ॲल्युमिनियमचे, पिस्टन किंवा केसिंगचे. पिवळसर असतील तर बुश. बारीक भुकटी चालते, जुन्या इंजिनात ती असतेच. नखाएवढा तुकडा दिसला तर गाडी मिस्त्रीकडे. हे पाच मिनिटांचं बघणं इंजिन न उघडता इंजिनाची अर्धी हकिकत सांगतं. जुनं ऑइल गटारात ओतू नको, गॅरेजवाले ते साठवतात, त्यांना दे.

नवं ऑइल दुचाकीचंच, २०-५० ग्रेडचं. कारचं ऑइल स्वस्त मिळालं तरी घालू नको. या गाडीचा क्लच ऑइलातच फिरतो, कारच्या ऑइलानं तो घसरायला लागतो. पहिलं ऑइल साधंच घाल, कारण थोडं चालवून ते पुन्हा सोडायचं आहे. आतली सगळी घाण त्याच्यासोबत निघते. हे सगळं चार स्ट्रोकच्या गाडीचं सांगतोय. कुणी एम-८०, केबी-१०० किंवा आरएक्स-१०० आणली तर तिथे पेट्रोलसोबत टू-टी ऑइल लागतं आणि गिअरचं ऑइल वेगळं असतं, हा फरक त्याला सांग.

कॉम्प्रेशन बघायला मीटर लागत नाही. प्लगच्या भोकावर अंगठा घट्ट दाब आणि दुसऱ्याला हातानं किक खाली दाबायला सांग. हवेनं अंगठा उडवला तर रिंगा धरताहेत. उडाला नाही तर भोकातून चमचाभर तेल टाकून पुन्हा बघ. आता उडाला तर दोष रिंगांचा, तरीही उडाला नाही तर व्हॉल्व्हचा. एवढं कळल्यावर मिस्त्रीपुढे तू अंधारात नसतोस.

मग पेट्रोल. टाकीचं झाकण उघडून वास घे. जुन्या पेट्रोलला वॉर्निशसारखा उग्र वास येतो. ते सगळं काढ. मोकळ्या हवेत, जवळ शेगडी, उदबत्ती, विडी काही नको. टाकी आतून गंजली असेल तर पेट्रोल कॉक काढून भोक बंद कर. आत मूठभर नट आणि जुन्या साखळीचा तुकडा घालून, टाकी चादरीत गुंडाळून भरपूर हलव. नट मोजून घाल, मोजूनच काढ. नंतर गरम पाण्यात किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व विरघळवून टाकी काठोकाठ भर आणि रात्रभर ठेव. सकाळी काळपट पाणी निघेल. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धू, मग साध्या पाण्यानं, आणि आपल्या कडक उन्हात कोरडी कर. कोरडी झाल्या झाल्या आत थोडं पेट्रोल आणि ऑइलचं मिश्रण फिरव, नाहीतर संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबडी होते. बाजारातलं ॲसिड वापरू नको. ते गंजासोबत पत्राही खातं.

हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. तुझी गाडी बनली तेव्हा हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून पेट्रोलचा पाइप, कॉकचे वायसर आणि कार्बोरेटरच्या रबरी रिंगा नव्या घाल. घेताना नव्या पेट्रोलला चालणाऱ्या माग. मध्ये एक छोटा फिल्टर बसव.

कार्बोरेटर खोलताना प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढ. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घे आणि निघेल तो भाग क्रमानं एकेका खळग्यात ठेव. एअर स्क्रू काढण्याआधी तो हळूच आत फिरवून किती फेऱ्यांत टेकतो ते लिहून ठेव, बसवताना तेवढ्याच फेऱ्या बाहेर. जेटच्या भोकात सुई किंवा टाचणी घालू नको. भोक केसभर मोठं झालं तर गाडी कायम जास्त पेट्रोल पिते. विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार घे, ती मऊ असते. मग क्लीनर मारून पंक्चरवाल्याकडे हवा मार. जेट प्रकाशाकडे धरून आरपार गोल उजेड दिसला पाहिजे. फ्लोटची सुई आणि गॅस्केट यांचं किट नवं घाल, बाकी सगळं जुनं चालतं.

शेवटी करंट. नवा प्लग कॅपमध्ये लाव, त्याची धातूची बाजू हेडला टेकव, प्लगच्या भोकावर फडकं ठेव, पेट्रोल दूर ठेव आणि किक मार. निळी, कडक ठिणगी हवी. नसेल तर लगेच सीडीआय घ्यायला धावू नको. आधी अर्थची वायर, मग किल्लीचा स्विच, मग जोडांवरची हिरवी बुरशी पॉलिश पेपरनं घास. बहुतेक वेळा ठिणगी इथेच परत येते. नाही आली तर ओळखीच्या गाडीचा सीडीआय तासभर लावून बघ आणि मगच विकत घे. विजेचा भाग एकदा घेतला की दुकानदार परत घेत नाही. अशा जुन्या गाड्यांत पुष्कळदा बॅटरी मेली असली तरी किकनं गाडी सुरू होते, त्यामुळे बॅटरीचा खर्च पुढे ढकलता येतो. पण हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट चालल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही.

चेन मागच्या स्पॉकेटच्या पाठीमागच्या टोकाला बोटानं ओढून बघ. ती दाताच्या निम्म्याहून वर उचलली गेली तर पुढचं स्पॉकेट, मागचं स्पॉकेट आणि चेन, तिन्ही एकदम बदल. एकटी नवी चेन जुन्या दातांवर काही महिन्यांत खराब होते आणि खर्च दुप्पट पडतो.

मिस्त्री आणि बाजार

स्वतः कर: सफाई, ऑइल, टाकी, कार्बोरेटर, केबल, ब्रेक. मिस्त्रीला दे: व्हॉल्व्ह सेटिंग, बोअर, स्पोक, कोनसेट, वेल्डिंग. मिस्त्री निवडताना त्याच्या गॅरेजात त्याची स्वतःची गाडी बघ. जो माणूस स्वतःची वीस वर्षांची गाडी ठणठणीत चालवतो त्याच्याकडे जा. मजुरी आधी ठरव, काम वाढलं तर विचारूनच करायचं असं बोलून घे, आणि बदललेले जुने पार्ट परत माग. सकाळी लवकर जाऊन शेजारी उभा राहा, पाने हातात दे. चांगला मिस्त्री हे आवडीनं शिकवतो. त्याला वेळच्या वेळी पैसे दे. घासाघीस पार्टवर कर, माणसाच्या हातावर नको.

बोअर करायची वेळ आलीच तर आधी पिस्टन विकत आण, मग सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही लेथवाल्याला दे. त्या पिस्टनच्या मापानं त्यानं भोक पाडलं पाहिजे. उलटं केलं तर बोअर तयार आणि त्या मापाचा पिस्टन बाजारात नाही, अशी पाळी येते. कॅलिबर बंद होऊन खूप वर्षं झाली, म्हणून कुठलाही भाग घ्यायला जाताना जुना नमुना पिशवीत ने. नावानं मागू नको, मापानं माग. नंतरच्या बजाज गाड्यांचा एखादा भाग चालतो, पण शेजारी शेजारी ठेवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नको.

ब्रेक शू, केबल, ट्यूब, बेअरिंग आणि चेन हे कायम नामांकित कंपनीचं, नवं आणि बिलासह. आरसा, इंडिकेटरची काच, बाजूचे पत्रे, सीटचं कव्हर, पायदानाचं रबर हे जुन्या बाजारातलं चालतं. छावणीचा गुरुवारचा बाजार आणि भंगारवाल्यांच्या गल्ल्या फिर. घाई नसलेल्या माणसाला स्वस्त मिळतं. पण भंगारातून इंजिनाचं केसिंग किंवा नंबर असलेला कुठलाही भाग आणू नको, तो कुठल्या गाडीचा आहे हे तुला सिद्ध करता येणार नाही.

दिसणं

रंग सर्वांत शेवटी, पैसे उरले तर. साबणाच्या पाण्यानं धुऊन, रबिंग कंपाउंड लावून आणि मेण पुसून जुना रंग जेवढा उघडतो तेवढा पुरे. गंजलेल्या जागी घासून लाल प्रायमर आणि वर जवळचा रंग लाव. हेतू एकच, गंज पुढे सरकू नये. टाकीवरची मूळ अक्षरं शक्यतो काढू नको. तुझ्या आजीला ही गाडी ओळखू येते ती त्या अक्षरांवरूनच. धुताना प्रेशरचं पाणी बेअरिंगवर आणि वायरींवर मारू नको. बोअरवेलचं खारं पाणी अंगावर वाळू देऊ नको, लगेच पूस.

रस्त्यावर

कागद झाले, विमा झाला, हेल्मेट डोक्यावर आलं की पहाटे रिकाम्या रस्त्यावर निघ. पहिले काही दिवस गल्लीतच फिर, प्रत्येक फेरीनंतर नटबोल्ट आवळ आणि गाडीखाली कागद टाकून तेल कुठून गळतं ते बघ. मग नगर नाका, मिटमिटा, शरणापूर फाट्यावरून दौलताबाद. तिथला घाट हीच खरी परीक्षा. चढताना क्लच घसरतो का, इंजिन दमतं का ते कळेल. उतरताना दोन्ही ब्रेक कळतील. खाली थांबून दोन्ही हबजवळ हात ने. एक फार तापला असेल तर लायनर सतत घासतोय. परत आल्यावर प्लग काढून बघ. विटकरी-तपकिरी रंग म्हणजे मिश्रण बरोबर, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा फटक म्हणजे पेट्रोल कमी आणि इंजिन तापतंय. पांढऱ्या प्लगवर लांब जाऊ नको. हे सगळं नीट जमलं की वेरूळपर्यंत जा, तीसेक किलोमीटर आहे, आणि परतल्यावर ते पहिलं ऑइल बदल.

एक वही ठेव. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती लागले. पैसे कुठे गळतात ते वहीतच दिसतं, आणि पुढचा माणूस तीच गाडी पुन्हा उघडायचा वाचतो.

आणि गाडी उभी झाल्यावर तिला जपून झाकून ठेवू नकोस. उभी गाडी खराब होते, चालती गाडी टिकते. आठवड्यातून किमान एकदा वीस-पंचवीस मिनिटं तरी पळव. इंजिन नीट तापलं की ऑइलमधला ओलावा उडतो, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल वाळून डिंक होत नाही, बॅटरी भरते, ब्रेक ड्रमला चिकटत नाही, सील ओले राहतात. महिनाभर बाहेरगावी जाणार असशील तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेव. वाळूजचीच बॉक्सर मोटारसायकल आज आफ्रिकेत भाड्यानं माणसं वाहते, खडीच्या रस्त्यांवर, दिवसभर. हे मशीन कष्टासाठीच घडवलं आहे. विद्यापीठात जाताना, कामाला जाताना, आजीला दवाखान्यात नेताना तिचा रोज उपयोग कर. तुझ्या घरात दुसऱ्या गाडीचा हप्ता येणार नाही एवढी बचत ती नक्की करून देईल, आणि पान्याची जी कला तुझ्या हातात येईल ती जन्मभर पोट भरेल.